दातवाल्यांचं स्टेशन

दातवाले कुणालाही भेटले की आधी समोरच्याच्या तोंडात बघतात आणि मग डोळ्यांत. चाळीस वर्षं लोकांच्या कवळ्या करण्यात गेल्यावर दुसरं काय होणार? तोंडात बघायची सवय धंद्यानं लावली, असं त्यांची बायको सांगते. डोळ्यांत बघून हा माणूस आपल्यापासून काय लपवतोय ते शोधायची सवय मात्र जन्माची आहे, असंही तीच सांगते.

दातांच्या दवाखान्यामागे एक लांबट खोली आहे, तिथे त्यांचं काम चालतं. डॉक्टरांनी पुढे पेशंटच्या जबड्याचा ठसा घ्यायचा, तो मागच्या खिडकीतून आत सरकवायचा आणि दातवाल्यांनी त्यावरून आधी मेणाची आणि मग पक्की कवळी करायची. भिंतीवरच्या फळ्यांवर प्लॅस्टरचे पांढरे जबडे ओळीनं मांडलेले, प्रत्येकाखाली चिठ्ठी. नवखा माणूस आत आला की दचकतो. दातवाले म्हणतात, "घाबरू नका, यातलं कुणी चावत नाही. चावणारे बाहेर फिरतायत."

संशयाला त्यांच्याकडे कारण लागत नसे. घराला कुलूप लावलं की तीनदा ओढून बघायचं, जिना उतरायचा आणि चौथ्यांदा ओढायला पुन्हा चढायचा. शेजाऱ्यानं हसून चौकशी केली, तर याला आपल्याकडून काय हवंय? नाही केली, तर हा तोंड का चुकवतोय? चहाच्या डब्यात आतून पेन्सिलीची खूण केलेली. बायको म्हणायची, "देवानं तुम्हाला दोन डोळे दिले. तिसरा तुम्ही स्वतःच पाठीला लावून घेतलात."

अशा माणसाजवळ एक गोष्ट अशी होती की जी फक्त त्याची होती. ती म्हणजे एक रेल्वे स्टेशन.

गावाबाहेर पूर्वी खरंच एक लहान स्टेशन होतं. कोळशाच्या इंजिनांमध्ये तिथे पाणी भरायचे. ते पाणी भरायचं काम दातवाल्यांचे वडील करायचे. दातवाले पाच वर्षांचे असताना वडील तापानं गेले, रेल्वेची खोली सोडावी लागली आणि आई दोन्ही मुलांना घेऊन गावात राहायला आली. पुढे ती त्या दिशेला कधी फिरकली नाही. वडिलांचा एकही फोटो घरात नव्हता. त्यांचा चेहरा दातवाल्यांना आठवायचा म्हटलं तर नुसता धूर दिसायचा. तीस वर्षांपूर्वी रस्ता रुंद करताना स्टेशनही पाडलं. दातवाल्यांच्या हाती उरले होते दोन जुने फोटो, तेही फलाटाच्या बाजूनं काढलेले, आणि आईच्या तोंडून कधीकाळी निसटलेली दोन वाक्यं. एक म्हणजे, पार्सलच्या खोलीवरचा पत्रा वाऱ्यानं वाजू नये म्हणून त्यावर मोठा दगड ठेवलेला असायचा. आणि दुसरं, बाकाचा एक पाय मोडला होता, त्याखाली वीट लावली होती.

एवढ्या भांडवलावर त्यांनी घरातल्या मागच्या खोलीत ते स्टेशन उभं करायला घेतलं. खऱ्याच्या सत्त्याऐंशी पट लहान, म्हणजे उभा माणूस करंगळीच्या एका पेराएवढा. ज्या हत्यारानं दाढेच्या खाचा कोरायच्या त्यानंच फलाटाच्या फरशा कोरल्या. टूथपेस्टच्या जुन्या पत्र्याच्या नळ्या कापून छपरं केली. रुळांवर धावणारं इंजिन तेवढं विकतचं, बाकी सगळं हातचं. अकरा वर्षं झाली होती. खोलीला कुलूप. त्याची एक किल्ली त्यांच्या कमरेला असायची आणि दुसरी केव्हाच हरवली होती.

आपले वडील तिथे कामाला होते हे त्यांनी बाहेर कुणालाही सांगितलं नव्हतं. थोरल्या बहिणीला, अक्काला, तर आपण स्टेशन करतोय हेसुद्धा माहीत नव्हतं. अक्काला सांगितलं म्हणजे चार गावांना सांगितलं, असा त्यांचा हिशोब.

तरी एक दार उघडं होतं, ते म्हणजे मंडळाचं. गावात अशा छोट्या आगगाड्या करणारे पाच-सहा जण होते. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी चार वाजता ते सायकलवाल्यांच्या दुकानावरच्या खोलीत जमायचे. घरोघरी त्यांना 'म्हातारचळ मंडळ' म्हणायचे ते त्यांनाही ठाऊक होतं. प्रमुख होत्या भूगोलाच्या बाई. पस्तीस वर्षं शाळेत डोंगर-नद्या शिकवून आता त्या कागदाच्या लगद्याचे डोंगर करायच्या, आणि मंडळालाही सातवीचा वर्ग समजायच्या. प्रत्येकानं महिनाभरात जे केलं असेल ते टेबलावर मांडायचं. मग बाई टेबलाच्या कडेनं टाकलेल्या रुळावर सायकलवाल्यांचं इंजिन सोडायच्या, आणि त्याच्या दोन फेऱ्या पूर्ण होईपर्यंत कुणी चकार शब्द काढायचा नाही. नुसतं बघायचं. बाईंचं म्हणणं असं की माणूस आधी बोलला की मग त्याला दिसायचं बंद होतं. आणखी दोन गोष्टींवर त्या अडून असायच्या. तक्रार असेल तर ती सगळ्यांसमोर बोलायची, जिन्यात कुजबुजायचं नाही. आणि दुसऱ्याचं काम उचलून आपलं म्हणून मांडलं, तर त्या माणसानं पुन्हा जिना चढायचा नाही.

दातवाले तिथे दरमहा एखादाच तुकडा न्यायचे. कधी सिग्नल, कधी कंदील. अख्खं स्टेशन त्यांनी कुणाला दाखवलं नव्हतं.

मग मंडळात काटेवाले आले.

काटेवाले दुकानांचे वजनकाटे दुरुस्त करायचे. उंच, वाळकी मूर्ती. बोलताना आणि हसताना तोंडावर हात धरायचे. दातवाल्यांना ते पहिल्याच दिवशी खटकलं. ज्याचे दात दिसत नाहीत त्याचं काहीच दिसत नाही, असं त्यांचं मत होतं. बाईंनी विचारलं, "तुम्ही काय करणार?" तर हाताआडून उत्तर आलं, "आपलं जुनं स्टेशन करावं म्हणतो. गावाबाहेरचं."

आपलं म्हणे! दातवाल्यांच्या अंगावर काटाच आला. जिना उतरताना त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुम्ही स्टेशनातले का?"

"छे छे. मी नदीपलीकडचा."

एवढंच. ना पुढे, ना मागे. दातवाल्यांनीही मग आणखी विचारलं नाही. जास्त विचारलं तर आपल्याला त्यात रस आहे हे त्याला कळेल, ही भीती.

तिसऱ्या महिन्यात काटेवाल्यांनी पार्सलची खोली मांडली. इंजिन पहिल्या फेरीला निघालं आणि दातवाल्यांची नजर छपरावर गेली. पत्र्यावर दगड! चांगला उशीएवढा दिसेल असा, अगदी कडेला ठेवलेला. दोन फेऱ्या संपल्यावर सगळे वाहवा करत होते. दातवाल्यांनी विचारलं, "हा दगड कशाला हो?"

"पत्रा उडू नये म्हणून," काटेवाले म्हणाले.

"बघितला होता का कुठे?"

"होता तसा," असं म्हणून ते चहाकडे वळले.

हा दगड फोटोत नव्हता. मंडळात कधी नेला नव्हता. तो फक्त मागच्या खोलीत होता, कुलपाआड. तो दगड त्यांच्या डोक्यातून जाईना. पुढच्या बैठकीला चार दिवस उरले असताना, रात्री, दातवाल्यांनी खोलीच्या दाराला खालच्या बाजूस, चौकटीपासून फळीपर्यंत, एक पांढरा दोरा लावला. दोन्ही टोकांना कवळीचं मेण. दार उघडलं की दोरा तुटणार आणि उघडणाऱ्याला कळणारही नाही.

त्या बैठकीत काटेवाल्यांनी बाक मांडला. त्याच्या एका पायाखाली वीट होती. तांबडी, तिळाएवढी.

दातवाले घरी आले ते थेट मागच्या दाराशी जाऊन गुडघ्यावर बसले. दोरा तुटलेला होता.

"अगं! इकडे ये!"

बायको लोकरीच्या गुंड्या बाजूला ठेवून आली. ती घरून विणकामाची लोकर वजनावर विकायची. "काय झालं? उंदीर?"

"या खोलीत कोण आलं होतं?"

"कोण येणार?"

"काटेवाले घरी आले होते की नाही?"

"आले होते की, गेल्या आठवड्यात. माझा काटा एका बाजूला झुकतो म्हणून मीच बोलावलं होतं. अर्धा तास ओट्याशी उभं राहून नीट करून गेले. बिचाऱ्यांनी चहासुद्धा बशीत ओतून, हाताआड धरून प्यायला. चांगला माणूस आहे."

"चांगला माणूस! मग हे दार कुणी उघडलं? किल्ली माझ्या कमरेला आहे."

"मी उघडलं," बायको म्हणाली.

दातवाल्यांचा हात कमरेच्या किल्लीवर गेला.

"गुरुवारी उघडते मी. दर गुरुवारी. झाडायला." तिनं देवाच्या फळीवरच्या वाटीतून एक किल्ली काढून समोर धरली. "कुलपाला दोन किल्ल्या असतात, एवढं तुम्हाला कळू नये? अकरा वर्षं झाली. तुमच्या त्या फलाटावर कधी धूळ बघितलीत? प्लॅस्टर घासता, करवत चालवता, खिडकी रस्त्यावर. धूळ काय तुमच्या कुलपाला भिऊन बाहेर थांबते? माझ्याकडे एक मऊ ब्रश आहे, त्यानं एकेक माणूस पुसते मी. इथली वस्तू तिथे होऊ देत नाही."

हे कुणालाही कळावं असं होतं. अकरा वर्षं धूळ नाही म्हणजे कुणीतरी पुसतंय. पण दातवाल्यांना नको तिथे चोर दिसायचे, आणि रोज डोळ्यांसमोर असलेली गोष्ट दिसायची नाही. तेव्हाही त्यांना दुसरंच सुचलं.

"म्हणजे तू दाखवलंस त्याला."

"नाही."

"किल्ली तुझ्याकडे. माणूस घरात. दगड आणि वीट त्याच्या टेबलावर. मग मी काय समजायचं?"

बायकोनं ती किल्ली त्यांच्या हातावर ठेवली. "देव बघतोय," ती म्हणाली. "त्यालाच विचारा. मला आता काही विचारू नका." आणि ती लोकरीच्या गुंड्यांकडे परत गेली. त्या दिवसापासून ती जेवायला वाढायची, पाणी द्यायची, निरोप सांगायची. पण टोमणा म्हणून तिनं एकही मारला नाही. टोमण्यांशिवाय ते घर दातवाल्यांना डॉक्टरांच्या बाहेरच्या बाकासारखं वाटायला लागलं.

तरी संशय काही जाईना. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बायकोबद्दल बोलणार कुणाजवळ? पण काटेवाल्याला पकडायचं, आणि तेही सगळ्यांसमोर, हे त्यांनी पक्कं केलं. त्यासाठी एक सापळा हवा होता. जी वस्तू त्या स्टेशनवर कधी असणंच शक्य नाही अशी एखादी आपल्या स्टेशनात घालायची. ती काटेवाल्याच्या टेबलावर उगवली की झालं, चोर मुद्देमालासकट सापडला.

एका संध्याकाळी ते खोलीत बसले आणि विचार करू लागले. विहीर? नको, असेलही. कारंजं? कुणालाही हसू येईल. बराच वेळ हातात मेणाची कांडी फिरवत ते स्टेशनाकडे बघत होते. मग पाण्याच्या टाकीकडे लक्ष गेलं. चार खांबांवर उभी असलेली ती टाकी, खाली नुसती सावली. त्यांनी दोन दोरे घेतले, करंगळीच्या नखाहून लहान फळी घेतली आणि टाकीखालच्या आडव्या तुळईला एक झोका बांधला. एकदाही मोजमाप न करता तो बरोबर मधोमध आला. त्यांना स्वतःलाच हसू आलं. स्टेशनवर झोका! रेल्वेचा कुठला अधिकारी चालवून घेईल?

काटा पुन्हा अडकू लागलाय, असा निरोप त्यांनी बायकोला न सांगता काटेवाल्यांना धाडला. काटेवाले यायच्या दिवशी मागच्या खोलीचं कुलूप काढून ठेवलं, दार इंचभर उघडं ठेवलं आणि कामावर गेले. दिवसभर त्यांच्या हातून एकही दात सरळ बसला नाही. संध्याकाळी बायकोनं एवढंच सांगितलं, "काटेवाले आले होते. काटा ठीकच होता म्हणाले. उगाच हेलपाटा झाला त्यांना."

पुढच्या महिन्याच्या बैठकीला दातवाले मंडळात सगळ्यांच्या आधी पोचले. मांडायला काहीच नेलं नव्हतं. सायकलवाले म्हणाले, "काय दातवाले, आज तोंड रिकामं?"

"आज बघायला आलोय," ते म्हणाले.

काटेवाल्यांनी पिशवीतून टाकी काढली. अलगद, दोन्ही हातांनी. टेबलावर ठेवली. चार खांब, वर टाकी, आणि खाली दोन दोऱ्यांवर लटकलेली एक फळी.

झोका.

बाईंनी इंजिन सोडलं. दातवाल्यांना तिथेच ओरडायचं होतं. पण नियम म्हणजे नियम. पहिली फेरी. झोक्यावर कुणीतरी बसलेलं होतं, एक लहान पोर, पाठमोरं, अंगात गुडघ्यापर्यंत येणारी बंडी. ते आपल्या झोक्यावर नव्हतं. म्हणजे चोरून वर सजवलंय! दुसरी फेरी. इंजिन वळणावरून आलं, बाईंनी बटण दाबून ते थांबवलं आणि दातवाले उठून उभे राहिले.

"मला तक्रार करायचीय. सगळ्यांसमोर."

"बोला," बाई म्हणाल्या.

"हे काम माझं आहे. हा झोका मी घातला. माझ्या घरात, माझ्या खोलीत, मुद्दाम, सापळा म्हणून! त्या स्टेशनवर असा झोका कधीच नव्हता. मी माझ्या मनानं घातला. दगडही माझा, वीटही माझी. हे गृहस्थ काटा दुरुस्त करायला म्हणून माझ्या घरी येतात आणि माझी अकरा वर्षं उचलून नेतात!"

सायकलवाल्यांच्या हातातला चहा तसाच राहिला. काटेवाल्यांनी तोंडावरचा हात काढला, पहिल्यांदाच. खालचे पुढचे चार दात नव्हते. ते लाजेनं नव्हे, आश्चर्यानं बघत होते.

"नव्हता कसा?" ते म्हणाले. "होता की."

"तुम्ही नदीपलीकडचे ना?"

"हो. पण माझे वडील वजनकाटे तपासायचे. स्टेशनच्या पार्सलचा मोठा काटा दर बुधवारी बघायला यायचे आणि मला बरोबर आणायचे. त्यांचं होईपर्यंत मी बाहेर त्या बाकावर बसायचो. वीट निघाली की पडायला व्हायचं, म्हणून वीट लक्षात आहे. आणि हा झोका तिथल्या पाणी भरणाऱ्यानं त्याच्या पोरासाठी बांधला होता. मी आठ वर्षांचा असेन, ते चार-पाचचं. मी तिकडे गेलो की ते दोन्ही दोऱ्या अशा मनगटांना गुंडाळून घ्यायचं आणि माझ्याकडे पाठ करायचं. वर्षभर गेलो मी. एकदासुद्धा बसू दिलं नाही हो. त्याला वाटायचं, मी झोका पळवून नेईन." ते बोळकं हसले. "म्हणून ते पाठमोरं केलंय. तोंड मी कधी नीट बघितलंच नाही त्याचं."

"दातवाले," सायकलवाले म्हणाले, "बसा बघू आधी. चक्कर येतेय का?"

दातवाले बसले नाहीत. "पाणी भरणारा," ते म्हणाले. मग लगेच, "हे तुम्हाला कुणी सांगितलं? माझ्या बायकोनं?"

"त्यांचा काय संबंध?" काटेवाले गोंधळून म्हणाले.

बाईंनी चष्मा कपाळावर चढवला. "आरोप सगळ्यांसमोर केलात, तर पुरावाही सगळ्यांसमोर. त्या काळचं माहीत असलेलं कुणी आहे का हयात?"

दातवाल्यांनी खिशातून फोन काढला, परत ठेवला. मग म्हणाले, "माझी अक्का आहे."

"लावा फोन. आवाज मोठा ठेवा."

फोन वाजत राहिला. मग अक्काचा आवाज खोलीभर झाला. "कोण गेलं?"

"कुणी नाही गेलं, अक्का."

"मग तू कसा काय फोन केलास?"

सायकलवाल्यांनी तोंड फिरवलं. दातवाले म्हणाले, "एक विचारायचं होतं. स्टेशनवर, पाण्याच्या टाकीखाली, काही होतं का गं?"

अक्का एकदम हळू आवाजात म्हणाली, "तुझा झोका होता रे, बाळ्या. आबांनी बांधला होता. तू सारखा रुळांकडे पळायचास, म्हणून. तू डोळ्यांसमोर राहावास आणि त्यांना इंजिनात पाणी सोडता यावं, म्हणून टाकीखालीच बांधला. तुला आठवतंय?"

"नाही."

"कुणालाही बसू द्यायचा नाहीस त्यावर. मलासुद्धा नाही. काटा तपासणाऱ्याचा एक पोरगा यायचा, गरीब बिचारा. तो दिसला की तू दोऱ्या हाताला गुंडाळून बसायचास. आबा म्हणायचे, अरे, त्याला एकदा बसू दे, झोका काय झिजणार आहे? तू म्हणायचास, नेईल."

खाली दुकानात कुणीतरी सायकलचं चाक फिरवून बघत होतं, तेवढाच आवाज.

"एवढी वर्षं मला सांगितलं का नाहीस?" दातवाल्यांनी विचारलं.

"तू विचारलंस कधी? आणि मी काही काढलं की म्हणतोस, कशाला हवंय तुला? बरं, चुलीवर भांडं आहे. ठेवू?"

फोन बंद झाला. बाईंनी कुणाला काही बोलू दिलं नाही. त्यांनी बटण दाबलं आणि इंजिन पुन्हा सोडलं. दोन फेऱ्या. सगळे नुसते त्या टाकीकडे बघत राहिले. काटेवाले आता टाकीकडे बघत नव्हते, दातवाल्यांकडे बघत होते, आणि आपण कुणाकडे बघतोय हे त्यांना कळून चुकलं होतं. दातवाले त्या पाठमोऱ्या पोराकडे बघत होते. त्याला बांधून दिलेल्या दोऱ्यांकडे. कुणीतरी त्या दोऱ्या बांधल्या होत्या, गाठ पक्की आहे ना हे ओढून बघितलं असेल. तीनदा. कदाचित चौथ्यांदासुद्धा.

इंजिन थांबलं. दातवाल्यांना माफी मागता येत नाही, त्यांना त्याचे शब्दच येत नाहीत. ते काटेवाल्यांजवळ गेले, त्यांच्या तोंडात बघितलं आणि म्हणाले, "उद्या दवाखान्यात या. डॉक्टरांना मी सांगतो. खालचे चार माझ्याकडून."

"नको हो, कशाला..."

"या म्हटलं ना. किती दिवस हात धरणार?"

घरी आले तेव्हा उजेड होता. त्यांनी कुलूप काढलं, खोलीत गेले आणि दिवा न लावताच उभे राहिले. खिडकीतून तिरपा उजेड फलाटावर पडला होता. फलाटावर, बाकावर, दगडावर, टाकीवर, सगळीकडे धुळीचा पांढरा थर. पाच आठवड्यांचा. त्यांनी फलाटावरून बोट फिरवलं, त्याची रेघ उमटली.

"अगं," त्यांनी हाक मारली. "जरा येतेस?"

बायको दारापर्यंत आली. उंबऱ्याच्या बाहेरच थांबली. "कशाला? पुन्हा काही गेलं की मी."

त्यांनी एक किल्ली पुढे केली. तिनं घेतली नाही. तेव्हा त्यांनी तिला सगळं सांगितलं. सापळा, खोटा निरोप, अक्का, आबांचं वाक्य. सांगताना एकदा अडकले, ते आबांच्या वाक्यापाशी. बायकोनं सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे त्या माणसाचा हेलपाटा तुमच्यामुळे झाला."

"हो."

"आणि मी खरं बोलत होते."

"हो."

"मोठ्यानं म्हणा."

"हो म्हटलं ना!"

तिनं किल्ली घेतली, देवाच्या फळीवरच्या वाटीत टाकली आणि ब्रश घेऊन आली. "सरका. एक तुमच्याजवळ, एक माझ्याजवळ. तिसरी करून आणू का? काटेवाल्यांना?"

"अगं, इतकंही नको," दातवाले घाईनं म्हणाले.

ती हसली आणि पुसू लागली. टोमणा परत आला होता. दातवाल्यांना बरं वाटलं.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी त्यांनी अख्खं स्टेशन मंडळात नेलं. चार फळ्या, सायकलवाल्यांच्या हातगाडीवरून. फोटोत न आलेली मागची बाजू काटेवाल्यांनी बघितलेली होती, म्हणून दातवाल्यांच्या पार्सलच्या खोलीच्या जागी त्यांचीच लावली. त्यांचे नवे दात घट्ट बसले होते आणि त्यांना तोंडावर हात न धरता बोलायची अजून सवय नव्हती, त्यामुळे हात मध्येच वर यायचा आणि खाली जायचा. बाईंनी इंजिन सोडलं. ते आता स्टेशनातूनच धावत होतं.

पहिल्या फेरीत सगळ्यांना दिसलं. टाकीखाली झोक्यावर एक आठ वर्षांचा वाळका पोरगा बसला होता, पाय पुढे ताणलेले, जसा उंच गेलेल्या झोक्यावर माणूस ताणतो. आणि शेजारी गुडघ्यापर्यंत बंडी घातलेलं एक लहान पोर उभं होतं, झोक्याला मागून धक्का देत. थोडं दूर, पाण्याच्या नळाजवळ, एक माणूस. त्याला चेहरा नव्हता. दातवाल्यांनी तो कोरलाच नव्हता, नुसती टोपी आणि वळलेली मान.

दोन फेऱ्या पूर्ण झाल्या तरी काटेवाले बोलले नाहीत. बाईंनी तिसरी फेरी जाऊ दिली.

"बरंच उंच नेलंत हो मला," शेवटी काटेवाले म्हणाले.

"पडत नाही," दातवाले म्हणाले. "दोरी मी ओढून बघितलीय."

मग सगळे चहाला उठले. दातवाले मागे राहिले, वाकून त्यांनी टाकीजवळची माणसं मोजली. तीन होती. तीनच होती. तरी त्यांनी पुन्हा एकदा मोजली आणि मग चहा घ्यायला गेले.